ओव्हाळ वकिलांचा ‘मान्य’

बुद्धभूषण ओव्हाळ चोवीस वर्षं फौजदारी वकिली करत होते. सरकारी वकील एखादा पंचनामा किंवा अहवाल पुढे सरकवत, ओव्हाळ कोपऱ्यात ‘मान्य’ लिहून सही करत. मग तो कागद सिद्ध करायला साक्षीदार बोलवावा लागत नसे. सगळ्यांचाच वेळ वाचे.

२००६ सालच्या एका रविवारी ते सदाशिव पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बसले. एरवी तिथे जावा शिकवत. त्या दिवशी बचावाच्या वकिलांसाठी न्यायसहायक विज्ञानाचा वर्ग होता. नाव मुलानं, रोहननं घातलं होतं. तो हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. म्हणाला होता, “बाबा, आमच्याकडे दोन वर्षांत शिकलेलं शिळं होतं. तुमच्याकडे?”

पिशवीत शमशुद्दीन बागवानची फाइल होती. मंडईतला फळवाला, खुनाचा आरोपी. त्याच्या शर्टावर मयताच्या रक्तगटाचे डाग सापडले होते. शर्ट घरी खिळ्याला होता, स्वच्छ होता, एवढंच तो सांगत राही. मंगळवारी निकाल होता.

शिकवायला कौशल्या दातार होत्या. तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेल्या.

“आपण वकील मंडळी अहवालाचं शेवटचं पान आधी वाचता,” त्या म्हणाल्या. “रहस्यकथा असल्यासारखं. पहिल्या पानावर काय असतं?”

त्यांनी स्वतःच एक जुना अहवाल उघडून दाखवला.

“आमच्याकडे काय आलं आणि कसं बांधून आलं, ते असतं.”

ओव्हाळांनी मांडीवर फाइल उघडली. अहवालाचं पहिलं पान. ‘एक सीलबंद पुडके. त्यात आरोपीचा शर्ट व मयताचे कपडे.’ एक पुडकं. त्यांनी पुन्हा वाचलं. कोपऱ्यात त्यांचाच ‘मान्य’ होता, खाली ठसठशीत सही.

“बाई,” त्यांनी विचारलं, “रक्तानं ओले कपडे आणि स्वच्छ कपडे एकत्र बांधले तर?”

“तर डाग कुणी पाडला, ते पुडक्यालाच विचारा.”

वर्ग हसला. ओव्हाळांनी फाइल मिटून पिशवीत ठेवली.

बिबवेवाडीला घरी न जाता ते मंडईत गेले. गाळ्यावर शमशुद्दीनची बायको अमिनाबी मोसंबी पुसून रचत होती.

“वकीलसाहेब, मंगळवारी हे घरी येतील ना? दुसरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.”

“माझी एक चूक झालीय, वहिनी.” त्यांनी सगळं सांगितलं.

तिनं हातातलं मोसंबं खाली ठेवलं. “चूक तुमची,” ती म्हणाली, “आणि आत ते.”

सोमवारी त्यांनी अर्ज दिला : ज्या पोलीस अधिकाऱ्यानं पुडकं बांधलं त्याला साक्षीला बोलवावं; अहवाल आपण न वाचता मान्य केला होता. ‘न वाचता’ हे दोन शब्द लिहायला त्यांना अर्धा तास लागला. सरकारी वकिलांनी अर्जावर ‘हरकत आहे’ लिहिलं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “ओव्हाळ, ही सही आपलीच ना?”

“माझीच, साहेब.”

“चोवीस वर्षांत हे आत्ता कळलं?”

“हो साहेब. काल.”

अर्ज मंजूर झाला. निकाल पुढे गेला.

आठ दिवस त्यांना धड झोप नव्हती. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासात विचारायचा नाही, हे ते ज्युनिअरांना शिकवत आले होते. अधिकारी ‘कपडे वाळलेले होते’ म्हणाला, तर शमशुद्दीनचा उरलेला जीवही तेच घेणार होते.

अधिकारी पिंजऱ्यात उभा राहिला. ओव्हाळांनी टेबलाची कड धरली.

“शर्ट आणि मयताचे कपडे तुम्हीच एकत्र बांधलेत?”

“हो. त्याच संध्याकाळी.”

“तेव्हा मयताचे कपडे ओले होते?”

अधिकाऱ्यानं सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते कागद चाळत होते.

“ओलेच होते,” तो म्हणाला. “वाळवत कुठे बसणार?”

टंकलेखकानं वाक्य उतरवलं. ओव्हाळ खाली बसले. मागच्या बाकावरून अमिनाबीनं हळूच विचारलं, “चांगलं झालं ना?”

“बहुतेक,” ते म्हणाले. निकालाला अजून दहा दिवस होते, आणि कागदावरचा ‘मान्य’ होता तिथेच होता.