रोही पाडायची झडती

आंजी मोठीत डोमाजीला ओळखत नाही असा माणूस शोधायचा झाला, तर तो पाळण्यातच सापडला असता. वय छप्पन, शिक्षण चौथी, कपाशीचं वावर पाच एकर, आणि तोंडाला मात्र धुरा, म्हणजे बांध, कुठंच नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडती म्हणायला सगळं गाव त्याच्याकडे वळायचं. चार ओळी यमकात जुळवायच्या, कुणाची तरी टोपी उडवायची, हात नाचवत खच्चून म्हणायच्या आणि शेवटी 'हर बोला' म्हटलं की गावानं 'हर हर महादेव' करून उत्तर द्यायचं, ही आमच्याकडची झडती. डोमाजीनं सरपंचावर झडत्या केल्या, पोस्टमनवर केल्या, आणि एका पोळ्याला स्वतःच्या बायकोवर, मनकर्णाबाईवरही केली. त्या दिवशी मनकर्णाबाईनं त्याच्या पुरणपोळीवर तूप वाढलं नाही.

तर असा हा डोमाजी अठ्ठ्याऐंशी सालच्या आषाढात फवारणीच्या पंपाचं वायसर आणायला वर्ध्याला गेला आणि वायसर न घेताच परत आला.

"काहो, वायसर कुठी हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"थे राहून गेलं."

"मंग दिवसभर केलं काय?"

"तुडतुडे मारले," डोमाजी म्हणाला, आणि देवाशपथ ते खरं होतं.

झालं होतं असं. बस स्टँडसमोर ओमप्रकाशचं लस्सीचं दुकान. त्यानं अमरावतीहून कपाटाएवढं एक मशीन भाड्यानं आणून कोपऱ्यात उभं केलं होतं. त्याला व्हिडिओ गेम म्हणायचे. काचेच्या आत काळं आभाळ, वरून रंगीबेरंगी काहीबाही उतरायचं, खाली एक इवलीशी तोफ. दांडी हलवली की तोफ चारी बाजूंना सरकायची, लाल बटन दाबलं की गोळी सुटायची. कॉलेजची पोट्टी त्याला मुंगळ्यासारखी चिकटलेली. डोमाजी लस्सीचा गिलास घेऊन सहज मागं उभा राहिला, आणि दोन मिनिटांत ओरडला, "अबे, हे तं मायं वावर हाय!"

आणि का नसावं? हिरवे बारीक उतरायचे ते तुडतुडे. दुसऱ्या डावातला पांढरा थवा म्हणजे मावा. तिसऱ्यात वळवळत यायच्या त्या बोंडअळ्या. आणि चौथ्या डावात लांब पायांचा, निळसर, दांडगा एकटाच यायचा, तो तर सरळसरळ रोही, पिकात घुसणारी नीलगाय! त्या रोह्यानं सगळ्या वर्ध्याला पाणी पाजलं होतं. चौथ्या डावाच्या पुढं काय आहे हे खुद्द ओमप्रकाशलाही ठाऊक नव्हतं.

मग काय विचारता! डोमाजीची वर्ध्याची कामं अचानक वाढली. आज खताची चौकशी, उद्या बियाण्याची, परवा पुन्हा वायसर. तो खेळायचा आणि पटापट मरायचा. पण ज्यानं तीस वर्षं वावराची राखण केली त्याचा डोळा वेगळा. महिनाभरात त्याच्या ध्यानात आलं की ही सगळी कीड दरवेळी त्याच वाटेनं, त्याच क्रमानं येते. रोहीसुद्धा खऱ्या रोह्यासारखाच, एकदा ज्या वाटेनं घुसला त्याच वाटेनं घुसणारा. तो तिरपा यायचा, सात श्वासांपुरता थांबायचा, आणि मग त्याचं पोट उघडं पडायचं. डोमाजीनं त्याला पाडलं त्या दिवशी ओमप्रकाशनं आख्ख्या दुकानाला लस्सी पाजली. पुढचा पाचवा डाव उघडला आणि डोमाजी त्यात पाय ठेवताक्षणी मेला, पण त्याचं कुणाला काय!

आता दुसरा एखादा असता तर त्यानं हे गुपित पोटात ठेवलं असतं. डोमाजीच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही. लिहून ठेवायची सवय नव्हती, म्हणून त्यानं प्रत्येक डावाची झडती केली आणि जो भेटेल त्याला ऐकवली. रोह्याची तर भर पोळ्यात, तोरणाखाली म्हटली:

चौथ्या डावात रोही येते तिरपा,
त्याच्या मागं नोका धावू बापा,
खाली बसून मोजा सात धापा,
मंग पोटाखालून हाना थापा!
हर बोला, हर हर महादेव!

गावाला व्हिडिओ गेम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण रोही चांगला माहीत होता. असा कल्ला झाला की बैल बुजले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, म्हातारे मांड्या बडवत होते. एकच माणूस हसला नाही; पहिल्या ओळीलाच त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली होती. तो म्हणजे डोमाजीचा व्याही, आमच्या भाषेत इवाई, त्याच्या अन्नपूर्णाचे सासरे, सिंदी मेघेचे वासुदेवराव.

वासुदेवराव तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, आणि आयुष्यात एकच शत्रू: गाईड. पोरांच्या दप्तरातून गाईड काढून ते कपाटात कोंडायचे. "दुसऱ्यानं सोडवलेलं गणित म्हणजे दुसऱ्याचं उष्टं," असं म्हणायचे. आणि गंमत अशी की हेच वासुदेवराव महिनाभरापासून छत्री मनगटाला अडकवून ओमप्रकाशच्या दुकानात खेळत होते! व्याह्याला या नादातून सोडवायला म्हणून गेले आणि स्वतःच अडकले. रोज चौथ्या डावात मरायचे. कुणी युक्ती सांगायला लागलं की कानात बोटं घालायचे.

त्यामुळे तोरणाखाली ते कडाडले, "डोमाजीराव, हे गाईड आहे! तुम्ही गावभर गाईड वाटताय! खेळात ह्याला लबाडी म्हणतात."

डोमाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरपंच असता तर डोमाजीनं त्याला तिथल्या तिथे झडतीनं सोललं असतं. पण हा मुलाकडचा माणूस, आणि आपण मुलीचे बाप. उलट बोलायची सोय नाही.

तो हात जोडून एवढंच म्हणाला, "इवाई, रोह्याच्या पायी मी पंचावन खेप मेलो. मंग मले समजलं. आता बाकीच्याइनं काऊन मरावं?"

"मरावं! मरूनच शिकावं!" वासुदेवराव म्हणाले. "दसऱ्याच्या आत चौथा डाव मी माझ्या अकलेवर पार करीन. तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी जिंकलो तर पुढच्या पोळ्याला तुम्ही झडती म्हणायची नाही."

"अन् नाई जिंकले तं?"

"तर लबाडी हा शब्द मी सगळ्यांसमोर मागे घेईन."

डोमाजी तीन दिवस नीट जेवला नाही. झडतीविना पोळा म्हणजे त्याला जीव गेल्यासारखंच. पण त्याहून तो शब्द सलत होता. "लबाड म्हटलं व मले, साऱ्या गावासमोर," तो मनकर्णाबाईला सारखा सांगायचा.

"तुमी मायाशी पत्ते खेळता तवा लबाडी करताच," ती म्हणायची.

"थे घरातलं झालं! हे तोरणाखालचं हाय!"

इकडे वासुदेवरावांनी नवी वही उघडली. कोन काढले, वेळ मोजली, रोह्याची आकृती काढून तिला अ, ब, क अशी नावं दिली. रोज नवा सिद्धान्त घेऊन जायचे आणि रोही त्यांना सिद्धान्तासकट मारायचा. डोमाजी कोपऱ्यात मुक्यानं लस्सी प्यायचा. आपले इवाई हरावेत असं त्याला मनापासून वाटायचं, आणि ते मेले की त्याचा लस्सीचा गिलास अर्धाच राहायचा. हा काय चमत्कार आहे हे त्याचं त्यालाच कळेना.

अशात ओमप्रकाशनं बातमी दिली, "बुधवारी मशीन चाललं अमरावतीला. मालक घेऊन चालला वापस. मी तरी काय करू, साहेब?"

बुधवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दोर घेतलेले दोन हमाल दारात उभे, टेम्पो बाहेर. वासुदेवरावांनी चष्मा पुसला, छत्री ओमप्रकाशच्या हातात दिली आणि दांडी धरली. डोमाजीनं आपणहून दुपट्ट्याचा बोळा करून तोंडात कोंबला. उगाच काही सांडायला नको.

पहिला डाव झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात एक बोंडअळी तोफेला घासून गेली तेव्हा दुकानानं एका दमात "आई गं" केलं. मग काळं आभाळ रिकामं झालं आणि तिरपा, लांब टांगांचा रोही उतरला.

वासुदेवराव त्याच्या मागं धावले.

डोमाजीचे डोळे फाटले. मागं नाही धावायचं हो, मागं नाही! रोही वळला. तोफ कोपऱ्यात सापडली. हे मेले की डोमाजी जिंकला. शब्द परत, झडती शाबूत, सगळं त्याच्या पदरात. फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदा, अर्धं मिनिट.

पण इवाईंच्या कपाळावरून घामाची धार नाकापर्यंत आली होती, आणि तो साठीचा माणूस, शंभर वेळा त्याच जागी मेलेला, पुन्हा त्याच जागी मरायला निघाला होता. हे डोमाजीला बघवेना. दुपट्टा तोंडातून उडाला.

"खाली बसा इवाई! सात धापा मोजा! सात!"

वासुदेवरावांना रागवायला वेळच मिळाला नाही. हातानंच ऐकलं. तोफ खाली आली. डोमाजी मोजायला लागला, पोट्टी मोजायला लागली, दारातले हमाल मोजायला लागले. "पाच! सहा! सात!" पोट उघडं पडलं, वासुदेवरावांनी बटन हाणलं आणि रोही फुटला. तिकडं 'हर हर महादेव' कुणी सुरू केलं देव जाणे, पण लस्सीच्या गिलासांसकट टेबल हाललं.

डोमाजीनं मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपलं! तोंड उघडलं, करार मोडला, झडती गेली, आणि लबाडीचा शिक्का आता कायमचा.

"पाचवा सुरू झाला!" वासुदेवराव ओरडले. "इवाई, पुढं काय? लवकर सांगा!"

"मले काय माहीत! मी तं इथं येतो अन् मरतो!"

आता सांगणारा कुणीच नव्हता. वरून एक ठिपका आला. मग चार. मग नऊ. वासुदेवरावांचा चेहरा असा उजळला की त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं तो तसा कधी बघितला नसेल. "अरे, हे वर्ग आहेत! एकाचा, दोनाचा, तिनाचा! आता सोळा येणार!" ते नाचायलाच लागले. तोफ खाली नेऊन, नळी वर धरून सोळांची वाट बघत बसले. हिशेब अगदी बरोबर होता. सोळा आले. फक्त ते खालून आले.

तोफ गेली. खेळ संपला. हमालानं दोर उचलला.

वासुदेवराव गर्रकन वळले. डोमाजीला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी डोमाजीचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले.

"नऊ पडले की तळाशी राहू नका! ऐकताय ना? सोळा खालून येतात! वर जा, डाव्या कोपऱ्यात जागा आहे, मी बघितली आहे. मी मेलो तिथं तुम्ही मरू नका, इवाई!"

आपण काय बोललो ते वासुदेवरावांच्या कानांपर्यंत पोचायला एक क्षण लागला. तीस वर्षांची कपाटातली गाईडं बहुतेक त्याच क्षणी डोळ्यांपुढून गेली असावीत. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तो शब्द मी मागे घेतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि ह्या सोळांची झडती करा. पोळ्याला मी उभा राहून ऐकीन. आता खेळा, टेम्पो थांबलाय."

ओमप्रकाशनं हमालांच्या हातात लस्सी देऊन त्यांना खाली बसवलं. डोमाजीनं दांडी धरली. इवाई कानाशी वाकून "वर, डावीकडे, लक्षात ठेवा" असं घोकत होते. आणि डोमाजीच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की काचेतलं काही म्हणजे काहीच दिसेना. पहिल्या डावातल्या पहिल्याच तुडतुड्यानं त्याला मारलं.