वाटीभर पाण्यातलं प्रदर्शन

आमच्या शाळेतल्या मुलांना ‘तुम्हाला हवं ते चित्र काढा’ असं सांगितलं की सगळी मिळून एकच चित्र काढतात. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघून थेट झोपडीच्या दारात येणारी नदी आणि काठावर नारळाचं झाड. आमचं गाव नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं. नारळ आम्हाला देवापुढे फोडण्यापुरता माहीत, आणि नदी म्हणाल तर तिच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळतात. मी चित्रकला शिकवते. वर्षानुवर्षं ती नारळाची झाडं तपासून माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

चूक मुलांची नव्हती. माणसाने हाताने काढलेलं खरं चित्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते पुस्तकात छापलेलं, नाहीतर मोबाईलवर अंगठ्याने वर सरकवलेलं. जवळ गेलं की नुसते फटकारे दिसतात आणि मागे सरलं की त्यांचंच माणूस कसं होतं, हे फळ्यावर सांगून कळत नाही. एकदा तरी ते त्यांनी डोळ्यांनी पाहावं, म्हणून त्या वर्षी मी हट्टच धरला की सहल पुण्याच्या कलादालनात न्यायची. देवस्थान नको, धरण नको, वॉटर पार्क तर मुळीच नको.

आमचे मुख्याध्यापक शांत माणूस. त्यांच्या शांतपणाने समोरच्याला ताप येतो. ते म्हणाले, “न्या की. पण एसटी पूर्ण भरली पाहिजे. अर्धी गाडी मी पाठवणार नाही.”

वॉटर पार्क नाही म्हटल्यावर निम्म्या मुलांनी नावं काढून घेतली. तेव्हा सरांनीच तोड काढली, की उरलेल्या जागांवर मदतीला पालक न्यावेत. पालकांच्या ग्रुपवर टाकायला मी त्यांना ‘चित्रकला प्रदर्शन’ असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. सरांना टायपिंगचा भारी कंटाळा. त्यांनी टाकलं, “सहल पुण्याला प्रदर्शन बघायला जाणार. पालकांनी नावे द्यावीत.”

आता आमच्या भागात प्रदर्शन म्हटलं की ते शेतीचंच. मोठाले ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, हत्तीएवढा बैल आणि त्याच्यासोबत सेल्फी. मी नगर शहरात वाढलेली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच एक पालक मोटारसायकलवर हजर. हे कांदा लावणारे गृहस्थ, नववीतल्या एका मुलीचे वडील. एरवी शाळेतून निरोप गेला की यांचा कांदा नेमका काढणीला आलेला असतो.

“मॅडम, ह्ये प्रदर्शन लई मोठं असतंय का?”

“मोठंच. काही काही तर भिंतीएवढी असतात.”

“भिंतीएवढी! आन् गाया-बैलं?”

“असणारच. बैल तर सगळ्यांचा आवडता.”

“पान्यावरचं काय हाय का? आपल्याकडं पान्याचीच बोंब.”

मला वाटलं, जलरंगांचं विचारताहेत. माझा ऊर भरून आला. म्हटलं, “त्यांची तर वेगळी खोलीच असते.”

“पानी किती लागतंय त्येला?”

“वाटीभर.”

“वाटीभर?”

“वाटीभर पाण्यात अख्खं शिवार उभं राहतं. पाहालच तुम्ही.”

ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “सबसिडी हाय?”

“असायला हवी हो! पण सरकारचं लक्ष आहे कुठे?”

“त्येबी खरंच हाय,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी मिळून सरकारला मनापासून शिव्या घातल्या. एखाद्या पालकाशी माझे विचार इतके कधीच जुळले नव्हते.

संध्याकाळपर्यंत बापांच्या नावांची रांग लागली. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं की गावाला कलेची गोडी लागली. तो म्हणाला, काहीतरी गडबड आहे. त्याला मी वरण मुद्दाम पातळ वाढलं.

मग सहलीची पालकसभा झाली. पुढे खुर्च्यांवर बाप, मागे भिंतीला टेकून सतरंजीवर आया, दारातून डोकावणारी मुलं. मी सूचना सांगायला उभी राहिले. डबा आणावा, रांग मोडू नये, आणि कलादालनात कशालाही हात लावू नये.

“हात न्हाई लावायचा?” कांदेवाले उठलेच. “मंग चालवून कसं बघायचं?”

“काय चालवून?”

“मशीन.”

“कसलं मशीन?”

“वाटीभर पान्याचं!”

सगळं स्वच्छ कळायला मग वेळ लागला नाही. मागून कुणीतरी विचारलं, “आन् बैल?” म्हटलं, बैल चित्रातला. “चित्रातला बैल बघायला पुन्याला?” खुर्च्या खदाखदा हसल्या आणि माझा पारा चढला.

“अहो, वाटीभर पाण्यात चित्र होतं!” मी ओरडले. “कांदा होत असता तर मी नोकरी कशाला केली असती?”

एकेक बाप उठला. एकाच्या घरी लग्न निघालं, एकाची विहिरीवरची पाळी आली, एकाला आपला गुडघा आठवला. सरांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. “मग मॅडम, गाडी काही भरत नाही.” मला रडू आलं, खोटं कशाला सांगू! रागाचं होतं, पण रडूच होतं. दारातल्या मुलांकडे बघवेना.

“मंग आमची नावं घ्या की.”

आवाज भिंतीकडून आला. कांदेवाल्यांचीच बायको. ते गर्रकन वळले. “तुला काय कळतंय चित्रातलं?”

“तुमाला लई कळत हुतं म्हनून तर ही येळ आली.”

“आन् घरचा सैपाक?”

“करा की तुमी. वाटीभर पान्यात समदं हुतंय म्हनं.”

सभा अशी हसली की सरांनी टोपण काढलं. भिंतीकडून नावं येऊ लागली, ती गाडी भरूनच थांबली.

पुण्यापर्यंत आयांनी मुलांपेक्षा जास्त दंगा केला. कलादालनात मात्र माझी फजिती. रेषा, प्रकाश, छटा असं भाषण मी घोकून गेले होते. मुलं शिकवल्याप्रमाणे चित्राला नाक लावून आली, मोजून मागे सरली, ‘दिसलं मॅडम’ म्हणाली आणि डबा कधी खायचा ते विचारू लागली. मी खट्टू झाले. एवढा आटापिटा केला तो यासाठी?

कांदेवाल्यांची बायको एका मोठ्या चित्रापुढे थबकली होती. चित्रात स्टुलावर एक बाई, हात मांडीवर ठेवलेले, बस्स.

“मॅडम, ही काय करतीय?”

“काही नाही. बसलीय.”

“कुनाची वाट बघतीय?”

“तसं दिसत नाही.”

“नुसतीच बसलीय?”

“नुसतीच.”

“आन् ह्येचं चित्र काढलं?” तिने बाकीच्यांना हाक मारली. सगळ्या जमल्या, त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळून झालं. मग हिने पिशवी बाजूला ठेवली आणि तिथंच गार फरशीवर मांडी घातली. हात मांडीवर. तिच्या शेजारी दुसरी बसली, तिसरी बसली, भिंतीच्या टोकापर्यंत ओळच झाली. कुणी काही निवडत नव्हतं, सोलत नव्हतं, बोलतही नव्हतं. पहारेकरी ‘इथं बसता येत नाही’ सांगायला आला, त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो आल्या पावली परत गेला.

डब्याचं विचारायला मुलं आली आणि आयांना बघून जागच्या जागी थांबली. नववीतली ती मुलगी घाबरून पुढे झाली, आईच्या कपाळाला हात लावला.

“आये, काय दुखतंय का?”

“न्हाई.”

“मंग अशी का बसलीस? बरं वाटत न्हाई का?”

“बरं वाटतंय की,” आई म्हणाली. “म्हनून तर बसलीय.”

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वर करून चित्रातल्या बाईकडे पाहिलं, आणि डब्याचं विसरून कितीतरी वेळ पाहत राहिली.