माउंटची पानं लिहिणारी नाही-झालं-तं मावशी

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या वंदनाला कुणी आनंदाची बातमी सांगितली, की ती आधी मनापासून हसायची, अभिनंदन करायची आणि मग विचारायची, "अन् नाही झालं तं?" मेहकरच्या आमच्या गल्लीतल्या मुलांनी तिचं नावच 'नाही-झालं-तं मावशी' पाडलं होतं. समोरच्या किराणावाल्या शंकररावांनी मुलीचं लग्न मोकळ्या मैदानात करायचं ठरवलं, तेव्हा ती म्हणाली, "अन् वारं सुटून मंडप उडाला तं?"

"काऊन अपशकुन करून राह्यली वं?" शंकरराव भडकले.

"अपशकुन नाही काका. जवळच्या हॉलवाल्याचा नंबर घेऊन ठेवा म्हणते."

मंडप काही उडाला नाही. पण नंबर खिशात होता म्हणून मुलीच्या लग्नात आपण निवांत जेवलो, असं शंकररावांनीच मला नंतर सांगितलं.

नील आणि मुक्ता, माझ्या नातवंडांनो, तुम्ही मागच्या सुट्टीत आलात तेव्हा ती आपल्याकडून निघून गेली होती. तुमची तिची भेट राहिली, म्हणून हे लिहिते आहे.

वंदना मूळची डोणगावची. पुण्यात बरीच वर्षं नोकरी केली. मग कंपनीने तिथलं ऑफिसच बंद केलं आणि ती आईजवळ परत आली. डोणगावच्या घरात इंटरनेट धड चालेना, म्हणून तिने आपली वरची खोली घेतली. आठवडाभर इथे काम, आणि शनिवारी एसटीने आईकडे. तिचं काम होतं संगणकाचं मॅन्युअल लिहिण्याचं. संगणकातला प्रत्येक प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला सारखं काहीतरी मागत असतो: ही फाइल उघड, ती डिस्क जोड. अशा प्रत्येक मागणीला 'सिस्टिम कॉल' म्हणतात आणि प्रत्येकाचं मॅन्युअलमध्ये एक पान असतं. काय मागायचं, कसं मागायचं आणि काम फसलं तर कोणतं उत्तर येतं, हे त्यात लिहिलेलं असतं. फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायच्या व्यवस्थेची, मांडणी ठरवून ती जागेवर जोडायचे, म्हणजे माउंट करायचे, नवे कॉल लोक वापरत होते, पण त्यांची पानंच कुणी लिहिली नव्हती. जो तो दुसऱ्याचं पाहून चालवून घेत होता. वंदनाने ते काम आपणहून अंगावर घेतलं. फुकट.

तिची सुरुवातीची पानं पाहून एका परदेशी कंपनीने कळवलं, की या महिनाअखेर ही पानं मॅन्युअलमध्ये दाखल झाली तर हेच काम घरी बसून, कायमचं देऊ. नाहीतर बंगलोरची एक नोकरी हातात होती. पण तिची आई डोणगाव सोडायला तयार नव्हती. तेव्हा पानं वेळेत गेली तर आई आणि लेक एका बसच्या अंतरावर राहणार, आणि नाही गेली तर ताटातूट. एवढं सरळ होतं ते.

मला हे माउंट प्रकरण कळलं ते कूलरमुळे. होळी झाली की आपल्याकडे कूलर खाली काढतात, ते तुमच्या बाबांना विचारा. त्या वर्षी मी अंगणात उभी राहून सुभाष मिस्त्रीकडून कूलर बसवून घेत होते. वंदना जिन्यावरून उतरली आणि म्हणाली, "मॅडम, माझं पान हेच आहे पाहा. जुन्या पद्धतीत कूलर तसाच खिडकीत ठोकायचे आणि बटण दाबायचे. नाही चालला, तर 'नाही चालत' एवढंच कळायचं. आता कसं? आधी रिकामा कूलर उघडायचा. मग एकेक गोष्ट सांगायची, वाळ्याच्या ताट्या अशा, पाणी एवढं. मग अंगणातच तयार करून पाहायचा. काही बिघडलं तर त्यालाच विचारायचं, बाबा काय झालं, की तो कारण सांगतो. सगळं नीट असलं तरच खिडकीत."

"आणि तयार झाला, पण अजून खिडकीत नाही, तेव्हा?" मी शाळेतल्या मुलीसारखं विचारलं.

"तेव्हा तो फक्त तुमच्या हातात आहे. हात सोडला, की गेला."

सुभाष कूलर पोटाशी धरून उभा होता. तो म्हणाला, "ताई, तुमचं लेक्चर होऊ द्या, पण मले हा ठेवू द्या ना. माह्या हातातून सुटला तं मॅडम मले नाही सोडत."

तिची काम करायची रीत मात्र निराळीच होती. एखादं काम कसं फसतं, हे ती स्वतः फसवून पाहिल्याशिवाय लिहीत नसे. तिच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, तो केवळ छळण्यासाठी ठेवलेला. त्याला खोटी नावं द्यायची, नको त्या माणसाच्या नावाने काम सांगायचं, मधेच पेनड्राइव्ह ओढून काढायचा. वरून "आलं! आलं!" असा आनंदाचा आवाज आला, की समजायचं, संगणकाने नकार दिला. मी एकदा चहा घेऊन वर गेले तर म्हणाली, "मॅडम, आज चार प्रकारे फसलं. दिवस चांगला गेला."

तिचं इंग्रजी मी तपासून देत असे. जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई मी, मला वाक्यात थोडी झालर आवडते. मी लावलेली झालर ती दुसऱ्या दिवशी अदबीने काढून टाकायची. "वाचणारा घाबरलेला असतो, मॅडम," ती म्हणायची. "त्याची डिस्क लागत नसते. त्याला आधी काय करू ते सांगा." हे तिचं म्हणणं मला पटायला वेळ लागला, पण आता तुम्हाला पत्र लिहिताना मीही हात आखडता घेते.

हा स्वभाव कुठून आला, ते तिची आई भेटल्यावर कळलं. आई एकदा हळदीचं पोतं घेऊन आली. "जय भीम, मॅडम," म्हणत पायरीवर बसली. हळद मला देऊन परत जायचं एवढंच काम, तरी तिने दोन बसच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या.

"दोन कशाले वं आई?" वंदनाने विचारलं.

"एक चुकली तं काय तुह्या डोक्यावर बसून जाऊ?"

महिना संपत आला. पानं जवळजवळ पूर्ण झाली होती. एका पानावर मात्र एक नकार असा होता, जो तिने मूळ कोडमध्ये वाचला होता, पण काही केल्या घडवता येत नव्हता. 'एकेक गोष्ट सांगतानाच हा नकार येतो' असं तिने लिहिलं होतं. मी म्हटलं, "अगं, कोडमध्ये आहे ना? मग पाठव. नंतर दुरुस्त कर."

"मी पाहिला नाही, मॅडम."

"नोकरी जाईल वंदना. आईचा विचार कर."

"तोच करून राह्यली," ती म्हणाली आणि वर निघून गेली. ती रागावली नव्हती, पण त्या दिवशी चहाला खाली आली नाही.

महिना संपला. कंपनीने जागा दुसऱ्याला दिली. त्यानंतर एका दुपारी वरून पुन्हा "आलं!" ऐकू आलं. नकार आला होता, पण एकेक गोष्ट सांगताना नाही, तर पुढच्या पायरीवर, कूलर अंगणात तयार करून पाहतात तसं सगळं तयार करताना. म्हणजे तिने आधी लिहिलं होतं ते चूक होतं. वाचणाऱ्याने भलत्याच पायरीवर कारण शोधलं असतं. तिने वाक्य बदललं, पानं पाठवली, ती दाखल झाली. मॅन्युअलच्या तपासणाऱ्याने आभाराचे दोन शब्द लिहिले. वंदनाने ते मला दाखवले, शनिवारी आईला सगळं सांगितलं आणि बंगलोरला होकार कळवला.

ती निघायच्या सकाळी दारात गाडी उभी होती. सुभाष सामान बांधत होता, शंकररावांनी वाटेसाठी चिवडा दिला होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून तिची आई येताना दिसली. एका हातात पिशवी, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. आम्हाला वाटलं, निरोपाला आली.

"ट्रंक कशाले आणली वं?" वंदनाने विचारलं.

आईने ट्रंक सुभाषच्या हातात दिली. "शेत बटईनं देल्लं, अर्ध्या पिकावर. घराले कुलूप लावलं."

"अन् तू तं म्हणे डोणगाव सोडत नाही."

"तू खोटं लिवलं असतं तं नसतंच सोडलं," आई पदराने घाम पुसत म्हणाली. "मंग तू दर शनिवारी घरी आली असती, अन् मले तुह्या तोंडाकडं पाहवलं नसतं."

वंदनाने गाडीचं दार उघडलं. आई पुढच्या सीटवर ऐटीत बसली, काच खाली करून घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चाल बे पोरा. पाहू तं खरं, बंगलोर किती दूर हाय."