हान्काचं टेबल

नीलिमा टिपणीसचं स्वयंपाकघर बटाट्याच्या शेतावर उभं आहे. शेत आता दिसत नाही. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखहून बसनं थोडं पुढं गेलं की लागणाऱ्या या गावानं काही वर्षांपूर्वी ती जमीन घरबांधणीला मोकळी केली, एकाला एक लागून घरांची रांग उठली आणि तिच्यातलं कडेचं घर मधू टिपणीसनं घेतलं. मधू पुण्याचा, जवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. नीलिमा गावातल्या वृद्धांच्या दिवसकेंद्रात असते. म्हाताऱ्यांशी गप्पा मारणं, त्यांना फिरवून आणणं, दुपारी केक कापणं हे तिचं काम. या कामातून तिचं जर्मन सुधारलं, त्यातही फ्रँकन भागातली बोली, जी मधूला अजून धड कळत नाही.

जमीन मूळची ड्युरबेक कुटुंबाची. त्यांचं जुनं घर रस्त्यापलीकडे आहे आणि तिथे फ्राउ ड्युरबेक एकट्या राहतात. वय एकोणनव्वद, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, एक पुतण्या आहे तो अधूनमधून गवत कापून जातो. त्यांचं पहिलं नाव गुंडा. त्या भागात बायकांचं हे जुनं, चांगलं नाव आहे, पण मधूला ते पहिल्यांदा कळलं त्या दिवशी तो हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला होता. टिपणिसांची मुलगी अन्वी शाळेतून आली की आई कामावरून येईपर्यंत याच गुंडाबाईंकडे बसायची. ती त्यांना ओमा गुंडा, म्हणजे गुंडाआजी, म्हणत मोठी झाली. दोन्ही घरांच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात. जर्मनीत शेजाऱ्याकडेही आधी वेळ ठरवून जायचं असतं. नीलिमा वेळ न ठरवता जाऊ शकेल असं गावात हे एकच घर.

कादंबरी याच घरात सुरू झाली. नीलिमा एकदा बटाट्याचे गोळे शिकायला गेली होती. उकडलेला बटाटा किसता किसता फ्राउ ड्युरबेक म्हणाल्या, "हान्काला हे छान जमायचं."

"हान्का कोण?"

"आमची पोलिश मुलगी. युद्धात होती आमच्याकडे. चांगलं होतं तिचं इथं. घरच्यासारखी होती."

नीलिमाचा हात थांबला. ‘घरच्यासारखी’ हा शब्द तिनं नाशिकला माहेरी, मग पुण्याला सासरी, इतक्यांदा ऐकला होता की तो कुणाबद्दल वापरतात हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढं तिनं वाचन केलं. पुस्तकं मागवली, न्यूरेनबर्गला जाऊन प्रदर्शनं पाहिली, केंद्रातल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. जर्मनीतले पुरुष आघाडीवर गेले तेव्हा शेतं आणि कारखाने चालवायला पोलंड, युक्रेन आणि इतर व्यापलेल्या देशांतून लाखो माणसं आणली गेली. काही भूलथापांना फसून आली, बहुतेकांना धरून आणलं. पोलिश मजुराला कपड्यावर पी अक्षराचा बिल्ला शिवावा लागे. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सायकल वापरायची नाही, रेल्वेत बसायचं नाही, आणि जर्मन कुटुंबाबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही. पळून सापडलेल्यांची रवानगी शिक्षेच्या छावणीत होई. जर्मन पुस्तकांत या लोकांना ‘सक्तीचे मजूर’ म्हणतात. नीलिमानं कादंबरीत ‘गुलाम’ लिहिलं. ते अन्वीच्या तोंडून फ्राउ ड्युरबेकना कळलं तेव्हा त्या चांगल्याच तडकल्या.

"गुलाम? आम्ही जे सूप प्यायचो तेच तिला मिळायचं."

"पण जायचं म्हटलं असतं तर जाता आलं असतं का तिला?"

"कुठं जाणार होती? बाहेर युद्ध होतं!"

"तरी गेलीच ना," नीलिमा म्हणाली.

ती गेली हे खरं होतं. चव्वेचाळीसच्या शरदात, बटाटे काढायचे दिवस होते, घरातली सगळी माणसं शेतात होती. आठ वर्षांची गुंडाही वेचायला होती. हान्का टोपली घेऊन शेताच्या टोकापर्यंत गेली. नंतर तिथे टोपली होती, हान्का नव्हती. ती सापडल्याची बातमी कधी आली नाही, पोचल्याचीही नाही. तिचं आडनाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. वय सतराच्या आसपास असावं.

"आम्ही तिला आमच्यात बसवून जेवायला घालायचो," फ्राउ ड्युरबेक दर वेळी म्हणायच्या. "बंदी होती तरी. आईनं तिच्यासाठी लहान टेबल ठेवलं होतं, आमच्या टेबलाशेजारी. तपासायला कुणी आलंच तर सांगायला, की बघा, वेगळं टेबल आहे. तरी पळाली. का पळाली असेल, सांग."

"शेजारी म्हणजे चिकटून?"

"तसं अगदी चिकटून नाही... मधे फट होती थोडी. वीतभर."

ही फट कुणी ठेवली, हे नीलिमानं विचारलं नाही. विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

सहा वर्षं ती लिहीत होती. रविवारी सकाळी लिहायची, सुट्टीत लिहायची, पुण्याला गेली की सासरच्या गच्चीत लिहायची. मधू म्हणायचा, "तुझ्या त्या पोरीला एकदाची पळू दे बाई, म्हणजे आपण जेवू." कादंबरीचं नाव ‘दोन टेबलं’. पुण्याच्या एका लहान प्रकाशकानं ती काढली. कादंबरीभर ती वीतभर फट आहे. घरची मालकीण, म्हणजे गुंडाची आई, मनानं वाईट नाही. ती मुलीला जवळ बसवते, तिच्या वाटीत रस्सा वाढते, आणि टेबल मात्र वीतभर लांब ठेवते. मालकिणीची तपासणीची भीती वाढते तशी फट वाढत जाते. एका संध्याकाळी वाटी पोचवायला मालकिणीला खुर्चीतून उठावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी पळते. पुढची शंभर पानं जंगल, ओढे, बॉम्ब पडलेली शहरं आणि एका रिकाम्या गिरणीत काढलेला हिवाळा यांची आहेत. ती सगळी नीलिमानं रचली, कारण तिथं काय घडलं हे सांगणारं कुणी नव्हतं.

पुस्तक वाचून पुण्याहून सासूबाईंचा, स्नेहलताबाईंचा, फोन आला.

"अगं नीलिमा, हे जर्मनीतलं आहे ना?"

"हो, अहो आई, जर्मनीतलंच."

"मग आपल्या शैलाची कपबशी कशाला घातलीस त्यात? खिडकीत पालथी घातलेली? मी काय ओळखणार नाही का?"

शैला टिपणिसांकडे बरीच वर्षं धुण्याभांड्याला होती. तिची कपबशी खरंच खिडकीत असायची.

"तशी कपबशी कुठंही असते हो आई."

"असू दे, असू दे. पण एक सांगते, मी तिला खुर्ची द्यायचे. बस म्हणायचे. तीच मागच्या पायरीवर जाऊन बसायची. फार संकोची होती." मग त्यांनी अन्वीच्या वाढदिवसाच्या केकचा विषय काढला. शैला आपणहून पायरीवर बसायची, या वाक्याकडे नीलिमानं लक्ष दिलं नाही.

गावातल्या इतिहास मंडळाला कादंबरीची बातमी अन्वीकडून कळली. अन्वी आता एर्लांगेनला शिकते. मराठी तिला पूर्ण समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते, आणि आईच्या कादंबरीतल्या दोन प्रकरणांचं जर्मन भाषांतर तिनं आवडीनं केलं होतं. मंडळानं वाचन ठरवलं. जागा गावातल्या गास्टहाउसचं, म्हणजे खानावळीचं, मागचं दालन, पहिल्या रांगेत अर्थातच फ्राउ ड्युरबेक. कादंबरी मराठीत असल्यामुळं त्यातलं एक अक्षरही त्यांनी वाचलेलं नव्हतं. त्यात काय आहे असं विचारलं की नीलिमा इतकंच सांगायची, की तुमची हान्का आहे.

आठवडाभर घरात एकच विषय. दोनपैकी कुठलं प्रकरण वाचायचं?

"जंगलाचं," मधू म्हणाला. "पळापळ आहे, कुत्री आहेत, लोकांना आवडेल."

"टेबलाचं," नीलिमा म्हणाली. "कादंबरी त्याची आहे. तेच लपवायचं तर लिहिलं कशाला?"

"अगं, त्यांच्या आईबद्दल आहे ते. सगळ्या गावासमोर! परवा तू त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं जाणार? किल्ली परत करतील आपली."

अन्वी जर्मनमध्ये म्हणाली, की ओमा गुंडाला वाईट वाटलं तर ती आईशी बोलणार नाही. मग थोडं थांबून म्हणाली, की भाषांतर मात्र टेबलाच्या प्रकरणाचंच जास्त चांगलं झालंय.

"गेनाऊ, अगदी बरोबर," नीलिमा म्हणाली.

"तू गप्प बस," मधू मुलीला म्हणाला. "भाषांतर चांगलं झालं म्हणून शेजार मोडायचा का?"

नीलिमाला त्याचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. या गावात ती आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तिच्याशी पाच वाक्यांपेक्षा जास्त बोललेली बाई एकच होती. तिच्याच घरातली गोष्ट घेऊन आता तिच्यासमोरच वाचायची होती. पण जंगल वाचलं तर फ्राउ ड्युरबेक घरी जाताना पुन्हा तेच विचारणार, हेही तिला दिसत होतं. का पळाली असेल, सांग. त्या प्रश्नाचं आपल्याला सापडलेलं उत्तर त्यांच्यापासून लपवून ठेवणं तिला जास्त वाईट वाटलं.

दालन भरलं होतं. गावकऱ्यांनी बिअर आणि तळलेला कार्प मासा मागवला होता, ताटं उचलेपर्यंत थांबावं लागलं. मंडळाच्या अध्यक्षांनी दोन शब्दांच्या नावाखाली वीस मिनिटं घेतली. मग नीलिमानं मराठीतली सुरुवातीची ओळ वाचली, नुसती आवाज ऐकण्यापुरती, आणि पुढचं अन्वीनं जर्मनमध्ये वाचलं.

वाचन चालू असताना नीलिमा फ्राउ ड्युरबेकच्या हातांकडे पाहत होती. हात मांडीवरच्या पर्सवर होते. मालकीण टेबल वीतभर लांब ठेवते, हे आलं. हात हलले नाहीत. फट वाढते, हे आलं. मग वाटी, खुर्चीतून उठणं. अन्वीचा आवाज थोडा खाली गेला, पण तिनं वाचायचं सोडलं नाही.

टाळ्या थांबायच्या आत फ्राउ ड्युरबेक बोलल्या. त्यांना उभं राहायला वेळ लागतो, म्हणून त्या बसूनच बोलल्या.

"हे चूक आहे."

अध्यक्ष म्हणाले, "गुंडा, कादंबरी आहे ती."

"कादंबरी असली म्हणून काय झालं? माझ्या आईनं टेबल लांब ठेवलं नाही. आई रोज ते चिकटवून ठेवायची. मी पाहिलंय. लाकडाला लाकूड लागलेलं असायचं." त्या नीलिमाकडे वळल्या. "हान्का यायची आणि बसायच्या आधी ओढून मागं घ्यायची. रोज. आई म्हणायची, राहू दे गं. ती मान हलवायची आणि ओढायची. रोज ती स्वतः..."

वाक्य तिथंच राहिलं.

मागं एकानं ग्लास खाली ठेवला. आईची बाजू घ्यायला म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली होती, आणि आपण काय सांगितलं हे फ्राउ ड्युरबेकना सांगता सांगता ऐकू आलं होतं. नीलिमालाही. आजवर तिनं जेवढी अंतरं पाहिली होती, ती सगळी मालकानं ठेवलेली होती. अंतर दुसऱ्या बाजूनंही ठेवता येतं आणि ज्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही तो तेवढं तरी राखतो, ही शक्यता सहा वर्षांत तिला सुचली नव्हती. जिच्याबद्दल एवढी पानं लिहिली, त्या मुलीला तिनं एका फटीच्या बाबतीतही स्वतःची मर्जी दिली नव्हती. मुलगी कुणी दूर लोटली म्हणून पळाली नव्हती. ती मनानं कधी त्यांच्या टेबलाशी बसलीच नव्हती.

पुतण्या आला आणि काकूला गाडीत घालून घेऊन गेला. घरी जाताना मधूनं ‘सांगितलं होतं’ असं ऐकवलं नाही, ही त्याची मोठीच मेहेरबानी.

मधे बरेच दिवस गेले. पलीकडच्या घरात दिवे लागत, मालवत. किल्ली परत मागितली गेली नाही, हाकही आली नाही. नीलिमानं प्रकाशकाला कळवलं, की दुसरी आवृत्ती निघालीच तर तीन प्रकरणं नव्यानं लिहायची आहेत. प्रकाशक म्हणाला, मॅडम, पहिली अजून संपायची आहे. ती तरी लिहायला बसली.

एका शनिवारी अन्वी घरी आली आणि आईला न विचारता रस्ता ओलांडून गेली. थोड्या वेळानं दारातूनच तिनं आईला बोलावलं, "माम्मा, कोम!"

फ्राउ ड्युरबेक स्वयंपाकघरात बसल्या होत्या. ये म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. नीलिमा बसली.

"बदलणार आहेस पुस्तक?"

"हो. टेबल ती ओढते, असं करणार."

"मग हेही लिही. ती गेली त्या दिवशी आई रडली."

"रडल्या होत्या?"

म्हातारीनं खिडकीबाहेर पाहिलं. समोर घरांची रांग होती. अन्वी दोघींकडे आळीपाळीनं बघत उभी होती.

"नाही," फ्राउ ड्युरबेक म्हणाल्या. "शिव्या दिल्या. निम्मे बटाटे जमिनीत होते आणि काढणारं कुणी नव्हतं."

नीलिमानं विचारलं, "हे घालू?"

"आल्झो... बरं, घाल," त्या म्हणाल्या. "तसंच झालं होतं."