जिवंत बाईचा दुखवटा

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकाच सरकारी कागदावर अंगठा दिला आणि आमचं चराऊ कुरण गेलं. कागदात काय आहे ते त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. त्यानंतर आम्ही मेंढरं घेऊन उन्हाळाभर दुधनीच्या बाजूला भटकलो. आई घोंगड्या विकायची. तिनं मला शाळेत घातलं ते एवढ्यासाठीच, की घरात एकाला तरी कागद वाचता यावा. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. सोलापूरला फौजदार झालो तेव्हा आपल्या सहीखाली कुणाचं वाकडं होणार नाही, असा मला गर्व होता. तो गर्व एका पोस्टमननं उतरवला.

एका सकाळी तो चौकीत आला तो घाबराच. "साहेब, आज मी एका बाईला तिच्याच मरणाचं पत्र वाचून दाखवलं."

पत्र त्रिनिदाद बेटावरून आलं होतं. हे बेट वेस्ट इंडीजमध्ये. इथून बोटीनं जायला दीड-दोन महिने. तिथं सोलापूरचा एक मुसलमान शिंपी चार वर्षं दुकान चालवत होता. बायकोला बोलावून घेण्यासाठी त्यानं तिकडच्या मॅजिस्ट्रेटपुढं हमीपत्र करून पाठवलं होतं. आता तोच सासूला लिहीत होता की, तुमची मुलगी पटकीनं वारल्याचं कळलं, अल्लाची मर्जी. सासूला वाचता येत नव्हतं. पोस्टमन उंबऱ्यावर उभा राहून वाचत होता आणि मेलेली बाई पडद्याआड बसून ऐकत होती.

मी फाइल काढली. त्या काळी परदेशी जाणाऱ्याच्या पासपोर्टची चौकशी आमच्याकडं येई. या बाईचा अर्ज चार महिन्यांपूर्वीच येऊन गेला होता. शेरा होता, 'समक्ष चौकशी केली, हरकत नाही.' शेरा हवालदाराचा. सही माझी.

"समक्ष म्हणजे कुणासमक्ष?" मी हवालदाराला विचारलं.

"साहेब, गोषातलं घर. आत कसं शिरणार? शेजाऱ्याला विचारलं, हाय म्हनला. चहा झाला, लिवून टाकलं."

मला त्याचा संताप आला, पण जास्त माझाच आला. अर्जात ओळखीची खूण लिहिली होती, 'हनुवटीवर व डाव्या मनगटावर गोंदण'. ते न वाचता मी सही केली होती. माझ्या आईच्या हनुवटीवर तसंच गोंदण होतं.

उर्दू मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाईंना सोबत घेऊन मी त्या घरी गेलो. बाई आत, मी ओट्यावर. मास्तरीणबाई अर्ज वाचत गेल्या. गोंदण ऐकल्यावर आतून आवाज आला, "तौबा! मेरे हात पे गोदना? हमारे में कोई गोदते नै. देख लो, बाजी."

मास्तरीणबाईंनी हात पाहून सांगितलं, गोंदण नाही. अर्जावरचा फोटो दाखवला तर तो भलत्याच बाईचा.

स्टेशनाजवळ एक दलाल बाहेरगावी जाणाऱ्यांची कागदपत्रं करून देई. त्यानंच हिला सांगितलं होतं, गोषातल्या बाईला फोटो लागत नाही, मी बघतो. मग हमीपत्र ठेवून घेतलं, देवी टोचल्याचा दाखला आणायला लावला, आणि शेवटी कळवलं, तिकडच्या सरकारनं मनाई केली. तिकडच्या कस्टमसाठी सामानाची यादीही त्यानं बसून लिहून घेतली होती. त्या यादीची नक्कल अर्जाला जोडलेली. मास्तरीणबाईंनी तीही वाचली.

"मैं बोली थी कैंची, रजाई, मिरची का मसाला. मसाला वो काट दिया, बोला, उधर झडती में फेंक देते. मगर ये घोंगडी कौन डाला? उनो लिखते, उधर बारा महिने पसीना आता. मैं घोंगडी लेके क्या करूँ?"

मी ओट्यावरून उठलो. यादीत घोंगडी दोनदा लिहिली होती. एकदा खोडून, पुन्हा.

मी बोलावणं धाडल्यावर दलाल चौकीत आला तो इस्त्रीच्या कोटात. मी बसा म्हणण्याआधीच बसला.

"आपण बी.ए. आहात म्हणे. मेंढपाळाच्या घरात एवढं शिक्षण म्हणजे कौतुकच."

"कौतुक नंतर करा. फोटो कुणाचा?"

"अर्जदार बाईचाच. आपण तिचा चेहरा पाहिलात का? गोषातल्या बाईचा? मग कशावरून म्हणता?"

हेच त्याचं बळ होतं. एका घराच्या लाजेआड हा माणूस उभा राहिला होता. नवऱ्याला मरणाची खोटी बातमी लिहायची, म्हणजे तो विचारपूस करणार नाही, आणि त्याच नावावर दुसरी बाई तिकडं नेऊन विकायची. हमीपत्र मात्र खरं; ते नसेल तर एकट्या बाईला तिकडं उतरू देत नाहीत. मला हे सगळं त्या क्षणी दिसलं.

"मी घोंगडीत वाढलो," मी म्हणालो. "जी बाई घोंगडीशिवाय घर सोडत नाही, जिच्यासाठी तुम्हाला खोडलेली घोंगडी परत लिहावी लागली, ती कुठं आहे?"

तो हसला. "घोंगडी हा काय पुरावा झाला, साहेब? आणि नाव कागदावर असलं म्हणजे झालं. समुद्रापलीकडं कोण कुणाला ओळखतंय?"

हे बोलताना त्यानं एकदा खिडकीबाहेर, आपल्या कचेरीच्या दिशेनं पाहिलं. मला तेवढं पुरे झालं.

कचेरीच्या मागच्या खोलीत ती घोंगडीवर बसलेली सापडली. अक्कलकोटकडची तरुण विधवा, हनुवटीवर गोंदण. शेजारी बांधलेली ट्रंक आणि पासपोर्ट. मुंबईची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

"म्हमईला पोरं सांबाळायला जायाचं हाय म्हनले," ती म्हणाली. "पर दुसऱ्याच बाईचं नाव पाठ करून घ्येत्यात की. माझं नाव का चालत न्हाय, सायब?"

मी पासपोर्ट उघडून दलालापुढं धरला; नाव शिंप्याच्या बायकोचं, फोटो हिचा. तो पाहून दलाल सगळं बोलू लागला. मुंबईला बोटीवर तिला नेणारा माणूस दुसऱ्या दिवशी पकडला. दोघांना शिक्षा झाली. त्या विधवेला तिच्या भावाच्या हवाली केलं. घोंगडी तिच्या खांद्यावर होती.

माझ्या वरिष्ठांचं म्हणणं पडलं, हवालदाराला ताकीद देऊन विषय संपवा. मी ताकीद स्वतःलाही लिहून घेतली. तेव्हापासून माणूस आणि फोटो जुळल्याशिवाय मी चौकशीच्या कागदावर सही केली नाही. गोषा असेल तिथं मास्तरीणबाई आत जायच्या. त्यात कुणाची अब्रू गेली नाही. अब्रूच्या नावानं न पाहता सही करण्यात मात्र दोन बायकांचा जन्म जाणार होता.

दलालाकडचं हमीपत्र जोडून शिंपिणीचा अर्ज आम्ही नव्यानं केला. तिची आई फोटोला नको म्हणत होती. शिंपीण आतूनच बोलली, "चार बरस से उनो मेरा मूँ नै देखे. सरकार देखी तो क्या हुआ? काडो फोटो."

सामानाची यादी या वेळी मी माझ्या हातानं लिहिली. कैंची, रजाई. मसाल्याला मनाई असल्याचं कुठं आढळलं नाही, म्हणून मसालाही.

"और वो खत लिखो, सायब. मेरे मय्यत का. उनके हात में देना है."

मी लिहिलं, 'पत्र, एक.'

ती निघाल्यावर साडेचार महिन्यांनी पोस्टमन पुन्हा चौकीत आला, हसत; शिंप्याचं नवं पत्र त्यानं सासूला वाचून दाखवलं होतं. ती बाई त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन बंदरात उतरली होती, स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या फोटोनं.