कल्हईतलं शिसं आणि कोथिंबिरीचा रस

"काकू, तुमच्या रक्तात शिसं आहे. बरंच आहे," डॉक्टर म्हणाले.

लेड पॉयझनिंग, म्हणजे शिशाची विषबाधा. ती कारखान्यातल्या माणसांना होते, अशी माझी समजूत. मी उज्जैनच्या शाळेत गणित शिकवणारी बाई. पोट मुरडून दुखायचं, हातातून खडू गळायचा. ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी, म्हणून गोळ्या चालू होत्या.

"घर में कोई पुड़िया, पेंट, पुराना बर्तन?" डॉक्टर मधूनच हिंदीवर यायचे.

पितळेच्या पातेल्याला मागच्या वर्षी दारावर आलेल्या माणसाकडून कल्हई करून घेतली होती. रोजची चिंचेची आमटी त्यातच. पातेलं तपासायला दिलं. कल्हईत शिसं निघालं. आंबटात ते उतरत होतं.

यांनी हळूच विचारलं, "आणि मुग्धा?"

मुग्धा आमची सून. सहावा महिना. ती आमटी मागून मागून प्यायची.

तिच्याही रक्तात शिसं निघालं. माझ्याहून कमी, पण नाळेतून ते बाळापर्यंत जातं.

मला चिलेशन दिलं. हे औषध शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. मुग्धाला ते लगेच देणार नव्हते; पोटातल्या बाळाला जपायचं होतं. नणंद म्हणाल्या, "वहिनी, टेन्शन कशाला? कोथिंबिरीचा रस सगळं खेचून काढतो."

मी डॉक्टरांना विचारलं.

"कोथिंबीर, लसूण खाऊ द्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत थोडा फायदा दिसलाय, माणसांत खात्री नाही. पोटात लोह आणि कॅल्शियम भरपूर असलं, तर शिसं कमी शोषलं जातं. पालेभाजी, तीळ, नाचणी, वर लिंबू. पण काकू, हे औषध नाही. हाडांत जे साठलंय, ते वर्षानुवर्षं बाहेर येत राहील."

मुग्धा निमूट खायची. एकदा घास हातात धरून म्हणाली, "आई, हे बाळापर्यंत शिशाच्या आधी पोचेल ना?"

मी तिच्या ताटात अजून लिंबू पिळलं.

तुमच्या घरी कल्हईची भांडी असतील, तर आधी ती तपासून घ्या. भाजीपाल्याचं नंतर बघा.

नात झाली. वजन कमी, रक्तात थोडं शिसं. "शिशाने कान, मेंदू मंदावू शकतात. देखते रहेंगे," एवढंच डॉक्टर म्हणाले. मी आभार मानले, मनापासून मानले.

ती आता रांगते. रोज सकाळी मी तिच्या पाठीमागे स्टीलची वाटी वाजवते. ती मान वळवून हसते. आज थोडी उशिरा वळली. मी पुन्हा वाजवली.