भीमराज टर्नर आणि न ठरलेला बुश

भीमराज टर्नर दुपारी डोळे मिटून बसतो, तेव्हा तो झोपलेला नसतो, असं त्याचं म्हणणं आहे. झोपलेलं असतं ते प्लास्टिक. तो फक्त सोबतीला असतो.

यात तथ्य आहे. नगरच्या एमआयडीसीत, वाल्मिकशेठच्या शेडमध्ये तो बावीस वर्षं लेथ, म्हणजे रॉड फिरवत कापायचं मशीन, चालवतोय. हल्ली कापतो ते एक महागडं प्लास्टिक. वाफ, घर्षण सगळं निमूट सोसणारं. पण रॉड कापला की ते आतून चुळबुळतं, माप किंचित हलतं. म्हणून भीमराज आधी जाडंभरडं कापतो, तुकडे फडक्यावर निजवतो आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा हात फिरवतो. तोवर शेडमध्ये मोठ्यानं बोललेलं त्याला खपत नाही.

त्या तुकड्यांचे बुश होतात. दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या मशीनमध्ये फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या या कड्या. मशीन बनवणारी कंपनी संगमनेरची. तिथल्या इंजिनिअर शुभांगीताई दोन वर्षांपूर्वी आल्या आणि मोल्ड करू या का म्हणाल्या. साच्यात प्लास्टिक वितळवून दाबलं की मिनिटाला एक बुश. लेथवर दिवसभरात जेमतेम वीस, आणि निम्म्याहून जास्त रॉडचा चुरा. मोल्ड झाला तर लेथला काम उरणार नव्हतं. लेथच्या कोपऱ्यात नवं मशीन बसवायचं शेठच्या मनात होतंच. तरी शेठनी भीमराजलाच विचारलं.

भीमराजनं हात पुसले. "ताई, आकार ठरला का?"

"जवळजवळ."

"मग मोल्ड नको. लग्न जवळजवळ ठरल्यावर कुनी वाजंत्री सांगत न्हाई."

शेठ हसले. "लेथ वाचवतोस व्हय रे?"

ते त्याला लागलं. चहा येईपर्यंत तो लेथ पुसत राहिला. मग म्हणाला, आकार पक्का झाला की मीच सांगेन.

पुढं वर्षभरात बुशाची कड बदलली, खाच सरकली, भोक वाढलं. मोल्ड केला असता तर पोलादी साचा तीनदा भंगारात गेला असता. शेठ पुन्हा हसले नाहीत. भीमराजचे ते दिवस मजेचे गेले. लेथवरून खपली गव्हाच्या शेवयांसारख्या रंगाच्या सळसळत्या गुंडाळ्या सुटायच्या, मांडीवर साचायच्या, आणि त्यांच्यात बसून तो अकोले तालुक्याच्या डोंगरात धुक्यातून येणारं दूध बघायचा. ते आपल्या कडीशेजारून वाहत जाणार, एवढ्यावर त्याची तंद्री तासभर टिकायची.

मग सहा महिने नवं ड्रॉइंगच आलं नाही. आली ती मागणी. त्याच बुशाची, आधी शंभर, मग पाचशे, मग महिन्याला हजार, एकट्या लेथला न झेपणारी. मोल्डचा विषय कुणी काढेना. शुभांगीताई भिडस्त, आणि शेठना आपलं हसणं आठवायचं. आठ दिवस भीमराज फार सावकाश कापत राहिला. बायको केशरबाईनं विचारलं, बरं न्हाई का? तो म्हणाला, आकार ठरला. मग चांगलंच की, ती म्हणाली.

सोमवारी त्यानं एक बुश शेठच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो आता बदलनार न्हाई. मोल्ड टाका. साचा मापापेक्षा जरा मोठा ठेवायला सांगा, थंड हुताना आंग चोरतं हे."

शेठ लेथकडं बघत राहिले.

"ऱ्हाऊ द्या, मोल्डवाल्याकडं मीच जातो. त्याला एवढं कळायचं न्हाई," भीमराज म्हणाला आणि हात धुवायला गेला. नळ नेहमीपेक्षा बराच वेळ वाहत होता.